युबिसॉफ्टचा शेअर मातीमोल झालाय, पण कंपनी तगेल का? (हिशेबाचा धागा)

मांडवीकाठ (पणजी)

युबिसॉफ्ट ही व्हिडिओ गेम बनवणारी फ्रेंच कंपनी. जुलै २०१८ मध्ये तिच्या ज्या शेअरला शंभर युरोच्या वर भाव होता, तो २१ जानेवारी २०२६ च्या घोषणेनंतर (सहा गेम रद्द, पाच गटांत फेररचना, मोठ्या तोट्याचा अंदाज) एका दिवसात एक तृतीयांशाच्या आसपास घसरला आणि पाच युरोच्या आत आला. तेव्हापासून पणजी-म्हापशाकडच्या गेमिंगच्या गटांवर 'एवढी मोठी नावं, एवढा स्वस्त शेअर, घेऊन ठेवा' असे निरोप फिरतायत. कोणी पैसे घालण्याआधी हिशेब एका जागी असावा म्हणून हा धागा काढतोय. गेम आवडला की नाही, हे कृपा करून इथे नको. आकडे, तारखा आणि कर्जाच्या अटी यांवरच बोलू.

पाया म्हणून एवढं. गियमो कुटुंबातल्या पाच भावांनी १९८६ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ही कंपनी काढली. १९९६ पासून ती पॅरिसच्या बाजारात आहे. आर्थिक वर्ष आपल्यासारखंच, एप्रिल ते मार्च. नेट बुकिंग्ज म्हणजे त्या वर्षातली विक्री २०२२-२३ ला १.७४ अब्ज युरो, २०२३-२४ ला २.३२ अब्ज (हा त्यांचा विक्रम), २०२४-२५ ला १.८५ अब्ज. २०२५-२६ साठी कंपनीने जानेवारीत स्वतःच १.५ अब्जाचा अंदाज दिलाय आणि सोबत एक अब्ज युरोच्या आसपास कामकाजी तोटा सांगितलाय.

माझा प्रश्न सरळ आहे. दीड अब्जाच्या विक्रीवर एक अब्ज तोटा असेल तर कंपनी बुडाली असंच समजायचं ना?

ताळेबंद (फोंडा)

नाही. त्या एक अब्जातले सुमारे ६५ कोटी युरो ही या वर्षी खिशातून गेलेली रक्कम नाही. ती आधीच्या वर्षांत गेलेली आहे, कागदावर आत्ता उतरली. गेम कंपनीचा ताळेबंद वाचताना इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेम बनायला चार-पाच वर्षं लागतात. त्या काळात दर महिन्याला पगार जातात, पण ते लगेच नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाहीत. काम एका टप्प्यापुढे गेलं आणि ते पूर्ण होऊन विकलं जाईल अशी खात्री दाखवता आली की तो खर्च 'अमूर्त मालमत्ता' म्हणून ताळेबंदात जमा होत राहतो. गेम बाजारात आला की ती मालमत्ता थोडी थोडी झिजवून खर्चात टाकतात. म्हणजे रोकड आज जाते आणि तोटा किंवा नफा तीन-चार वर्षांनी दिसतो. गेम रद्द झाला तर साठलेली सगळी रक्कम एका फटक्यात खर्ची पडते.

समोरचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं. जानेवारी २०२६ ला ती रद्द झाली, इतर पाच गेमसह. मध्ये दोन खंडांतल्या माणसांचे पगार गेले, विक्री शून्य. काम एका टीमकडून दुसरीकडे गेलं की आधीचं किती वापरता येतं हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा. पण ताळेबंदात मालमत्ता कमी करायची म्हणजे त्या वर्षी तोटा दाखवायचा, आणि तो निर्णय कुठल्याही व्यवस्थापनाला नकोसा असतो. तो जितका लांबतो तितका शेवटचा आकडा फुगतो.

म्हणून कुठल्याही प्रकाशकाचा अहवाल उघडला की मी नफ्याच्या ओळीकडे आधी जात नाही. आधी रोकड प्रवाहाचं पत्रक. त्यात वर्षभरात गेम विकासावर प्रत्यक्ष गेलेली रक्कम बघायची आणि तिच्या शेजारी त्याच वर्षाची झीज मांडायची. गेलेली रक्कम झिजेपेक्षा सलग दोन-तीन वर्षं जास्त असेल तर ताळेबंदात माल साठतोय. मग एकच विचारायचं, साठलेला माल विकला जाणार आहे का?

या वर्षासाठी कंपनीने रोकड प्रवाह उणे ४० ते ५० कोटी युरो सांगितलाय. खरा आकडा तो. वाईट आहेच, पण एक अब्जाच्या निम्मा.

डावखुरा_गेमर (म्हापसा)

पण त्यांचा 'ॲसॅसिन्स क्रीड शॅडोज' हा गेम तर चालला ना? पन्नास लाखांचा आकडा सगळीकडे होता. मग तूट आली कुठून?

कोडकाम (पर्वरी)

तो आकडा खेळाडूंचा आहे, विकलेल्या प्रतींचा नाही. कंपनीच्या पत्रकात शब्द नीट बघा. 'प्रती विकल्या' असेल तर विक्री. 'खेळाडू' असेल तर त्यात मासिक वर्गणीवाले आले आणि एकच प्रत घरात दोघांनी खेळली तर तेही आले. विक्रीचा आकडा मिरवण्यासारखा असेल तर कोणीही तोच छापतो.

फरक किती पडतो ते मांडून दाखवतो. फ्रान्समध्ये ७० युरोला विकलेली एक प्रत धरा. २० टक्के व्हॅट छापील किमतीच्या आत असतो, तो काढला की ५८.३३ उरले. सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा स्टीम (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) यांचे ३० टक्के गेले की ४०.८३. (स्टीमवर एका गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवरचा वाटा २५ टक्क्यांवर आणि पाच कोटींच्या वर २० टक्क्यांवर येतो, म्हणजे मोठ्या गेमला थोडं जास्त मिळतं.) डिस्क असेल तर दुकानदाराचा नफा, कन्सोलवाल्याचा परवाना, छपाई, वाहतूक, आणि न खपलेल्या मालावर दुकानदाराला द्यायची भावातली सूट. 'स्टार वॉर्स आउटलॉज'सारखा दुसऱ्याच्या नावाचा गेम असेल तर त्याच्या मालकाची रॉयल्टी वेगळीच.

तोच गेम काही महिन्यांनी ३५ युरोला आला की याच रस्त्याने हातात २०.४२ पडतात.

युबिसॉफ्टची वरची वर्गणी महिना १७.९९ युरो आहे. व्हॅट जाऊन १५ च्या आत. दुकान स्वतःचं असल्याने ३० टक्के वाचतात, पण महिनाभरात गेम संपवून वर्गणी बंद करणाऱ्याकडून कंपनीला १५ मिळतात, स्टीमवर घेणाऱ्याकडून ४०.८३. 'खेळाडू' या एका शब्दात हे दोघं शेजारी बसलेले असतात.

आता उलट बाजूने. विकास आणि जाहिरात मिळून २० कोटी युरो गेले असं उदाहरणापुरतं धरू. सगळ्या प्रती पूर्ण भावाने गेल्या तर खर्च निघायला ४९ लाख प्रती लागतात. सवलती धरून सरासरी हातात २५ पडले तर ८० लाख. तेवढ्याने फक्त खर्च निघाला, पुढच्या गेमला पैसा उरलेला नाही. डावखुराबाब, पन्नास लाख खेळाडू ऐकायला मोठे वाटतात, पण या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आणि उशीर. 'शॅडोज' १५ नोव्हेंबर २०२४ ला यायचा होता, मग १४ फेब्रुवारी २०२५, शेवटी २० मार्च. चारशे माणसांची टीम, माणशी सगळा मिळून महिना ८ हजार युरो असं धरलं तर महिन्याला ३२ लाख आणि चार महिन्यांत सव्वा कोटीच्या वर. एवढं मोठ्या गेमच्या मानाने सोसण्यासारखं आहे. खरं नुकसान जाहिरातीचं. नोव्हेंबरसाठी केलेला गाजावाजा वाया जातो आणि नाताळची विक्री हातची जाते.

२० मार्च हीच तारीख का, तेही लक्षात घ्या. ३१ मार्चला वर्ष संपतं. अकरा दिवस हातात ठेवून गेम त्याच वर्षात बसवला. एप्रिलवर गेला असता तर २०२४-२५ चे १.८५ अब्ज आणखी बरेच खाली दिसले असते.

बेतीची_होडी

कोडकामबाबांचा हिशेब मालिमच्या जेटीवर कोणालाही पटकन कळेल. रापणकार रोज पहाटे जाळं ओढतो, मिळेल ते त्याच दिवशी बाजारात. ट्रॉलरचं तसं नाही. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल हे सगळं आधी घालायचं आणि मग समुद्रात जायचं. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा मिळकत नाही पण बँकेचा हप्ता चालू. युबिसॉफ्टने रापणी हळूहळू कमी केल्या आणि सगळा पैसा पाच-सहा मोठ्या ट्रॉलरांत घातला. दोन रिकामे आले की तिसऱ्याच्या डिझेलचे वांधे.

२०२४ हे वर्ष तसंच गेलं. फेब्रुवारीत 'स्कल अँड बोन्स' आला, सिंगापूरच्या स्टुडिओत कित्येक वर्षं रखडलेला. मे महिन्यात 'एक्सडिफायंट', ऑगस्टच्या शेवटी 'आउटलॉज'. 'एक्सडिफायंट' बंद करायचा निर्णय डिसेंबरमध्येच झाला, जून २०२५ ला सर्व्हर बंद. त्याबरोबर सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाकाचे स्टुडिओही गेले.

पाटोवरची (पणजी)

आता कर्ज. माझ्या मते सगळा धागा इथे येऊन थांबतो, कारण कंपनी तोट्याने बंद पडत नाही, देणं द्यायच्या दिवशी रोकड नसली की बंद पडते.

मार्च २०२५ अखेर निव्वळ कर्ज साधारण ९० कोटी युरोच्या आसपास होतं. मग टेन्सेंट या चिनी कंपनीचे ११६ कोटी आले (त्याबद्दल पुढे कोणीतरी लिहील). म्हणजे कर्ज फिटून २५ कोटींच्या आसपास शिल्लक. त्यातून या वर्षाचे उणे ४० ते ५० कोटी वजा करा. मार्च २०२६ ला पुन्हा १५ ते २५ कोटी निव्वळ कर्ज. एवढं बघून वाटतं की चिंता नाही. पण 'निव्वळ' या शब्दाने फसू नका. एकूण देणं त्याच्या कितीतरी पट आहे, त्याच्यासमोर रोकड ठेवलेली आहे एवढंच. ती रोकड पगारात गेली तर देणं उघडं पडतं.

देण्यातला मोठा तुकडा ६० कोटी युरोच्या रोख्यांचा. नोव्हेंबर २०२० मध्ये ०.८७८ टक्के व्याजाने काढलेले, परतफेड नोव्हेंबर २०२७. पाऊण-एक टक्क्याने पैसे मिळायचे दिवस गेले. तेवढीच रक्कम आज नव्याने उभी करायची तर व्याज अनेक पट पडेल, आणि तेही कोणी दिलं तर. त्यानंतर २०२८ आणि २०३१ चे रूपांतरक्षम रोखे. भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला असता तर धारकांनी शेअर घेतले असते आणि कंपनीला रोख द्यावी लागली नसती. आजचा भाव त्या पातळीच्या इतका खाली आहे की ते रोखे साधं कर्जच समजायचे.

अटी कशा चावतात ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसलं. सहामाही निकालाच्या दिवशी कंपनीने निकाल पुढे ढकलला आणि शेअरचे व्यवहार थांबवायला सांगितले. आठवड्याभराने कारण कळलं. एका भागीदारीचं उत्पन्न कुठल्या वर्षात धरायचं यावर लेखापरीक्षकांशी बोलून २०२४-२५ चे आकडे बदलावे लागले. उत्पन्न कमी झालं, त्यामुळे कर्ज आणि कमाई यांचं गुणोत्तर बँकेच्या अटीबाहेर गेलं, आणि सुमारे २८.६ कोटी युरोचं कर्ज मुदतीआधी फेडावं लागलं. एक पैसा नवा गेला नव्हता, एकही गेम रद्द झाला नव्हता. जमाखर्चाची एक नोंद एका वर्षातून दुसऱ्यात सरकली आणि तेवढ्यावर २८ कोटी दारात उभे राहिले. टेन्सेंटचा पैसा त्याच महिन्यात हातात येणार होता म्हणून निभावलं.

खाण पट्ट्यातल्या लोकांना हे सांगायला नको. मार्च २०१८ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक चांगल्या स्थितीत होते, चालवणारेही होते. मिळकत थांबली आणि हप्त्याची तारीख थांबली नाही.

मांडवीकाठ

पाटोताई, फार स्पष्ट झालं. आता टेन्सेंट. टेन्सेंटने ११६ कोटी युरो देऊन एका उपकंपनीचा फक्त पाव हिस्सा घेतला. उलट युबिसॉफ्टचे साधारण १३ कोटी शेअर, साडेचार युरोने धरले तर अख्खी कंपनी ६० कोटीला. पाव हिस्सा ११६ ला आणि सगळं घर ६० ला? गटांवर फिरणारा निरोप याच्याच आधारावर आहे.

ताळेबंद (फोंडा)

प्रश्न रास्त आहे आणि सगळ्यात जास्त फसवणारा आहे.

मार्च २०२५ मध्ये व्यवहार जाहीर झाला, उपकंपनीचं नाव पुढे व्हँटेज स्टुडिओज ठेवलं, पैसे नोव्हेंबर २०२५ अखेर आले. तिच्याकडे 'ॲसॅसिन्स क्रीड', 'फार क्राय' आणि 'रेनबो सिक्स' ही तीन नावं. नावांची मालकी युबिसॉफ्टकडेच राहिली. व्हँटेजला ती वापरायचा कायमचा, परत न घेता येणारा, एकट्याचा परवाना मिळाला आणि बदल्यात ती रॉयल्टी देते. टेन्सेंटचा हिस्सा शेवटी सव्वीस टक्क्यांच्या आसपास ठरला. त्या भावाने सगळी व्हँटेज ४४० कोटी युरोची होते आणि युबिसॉफ्टचा वाटा सव्वातीनशे कोटींच्या घरात. कागदावर.

बाजार तो आकडा का मानत नाही? एक तर तो भाव एका खरेदीदाराने एकदा दिलेला आहे. टेन्सेंट २०१८ पासून आत आहे. विव्हेंदी या फ्रेंच माध्यम कंपनीने २०१५ पासून कंपनी गिळायचा प्रयत्न केला होता, ती मार्च २०१८ मध्ये शेअरला ६६ युरोने बाहेर पडली, तेव्हा टेन्सेंटने पाच टक्के घेतले. २०२२ मध्ये कुटुंबाच्या धारक कंपनीत ३० कोटी युरो घातले. अशा खरेदीदाराला चीनमध्ये ही नावं मोबाइलवर चालवण्याची किंमत दिसते. ती तुम्हाआम्हाला मिळणारी नाही.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं. तुम्ही शेअर घेता तो वरच्या कंपनीचा. रोखे वरच्या कंपनीच्या माथ्यावर. २१ जानेवारीला जाहीर झालेल्या पाच गटांपैकी व्हँटेज हा एक. उरलेल्या चारांत 'घोस्ट रिकॉन', 'द डिव्हिजन', 'द क्रू', 'रेमन', 'जस्ट डान्स' अशी नावं. त्यांपैकी जे गट तोट्यात चालतील त्यांचे पगार वरच्या कंपनीलाच भागवायचे. व्हँटेजने नफा वाटला तर शंभरातले सव्वीस आधी टेन्सेंटचे.

यातला सापळा असा की एकत्रित अहवालात व्हँटेजची विक्री शंभर टक्के दिसत राहील. 'रेनबो सिक्स'ची कमाई पूर्ण छापली जाईल, टेन्सेंटचा वाटा मात्र नफ्याच्या अगदी खालच्या ओळीत 'अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा' म्हणून वजा होईल. पुढच्या अहवालात ती ओळ आधी शोधा.

करारातली एक मुदत इथे महत्त्वाची आहे. युबिसॉफ्टने दोन वर्षं व्हँटेजवरचं बहुमत सोडायचं नाही.  दोन वर्षं मोजली की नोव्हेंबर २०२७ येतो. पाटोताईंच्या ६० कोटींचाही तोच महिना. मी यावरून भाकीत करत नाही, पण कर्ज नव्याने उभं राहिलं नाही तर त्या महिन्यात कंपनीकडे विकण्यासारखं काय असेल, ते यात लिहिलेलं आहे.

डावखुरा_गेमर (म्हापसा)

म्हणजे शेवट तुकडे होऊन विक्री असाच?

बेतीची_होडी

तसं झालेलं एक उदाहरण आहे, आणि त्यात युबिसॉफ्ट घेणाऱ्यांत होती. अमेरिकेतली टीएचक्यू. चित्र काढायची यूड्रॉ नावाची पाटी त्यांनी निन्टेंडोच्या वी कन्सोलसाठी काढली, ती खपली. त्या भरात २०११ च्या नाताळासाठी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सलाही तीच पाटी बनवली. तिथला गिऱ्हाईक वेगळा, त्याला ती नको होती. दहा लाखांहून जास्त पाट्या गोदामात पडल्या. वरून दहा कोटी डॉलरचे रूपांतरक्षम रोखे.

१९ डिसेंबर २०१२ ला दिवाळखोरीचा अर्ज. एकट्या गिऱ्हाइकाने सगळं ६ कोटी डॉलरला मागितलं होतं, धनकोंनी नकार देऊन सुटे सुटे तुकडे लिलावात काढायला लावले. जानेवारी २०१३ मध्ये रेलिक स्टुडिओ सेगाने २.६६ कोटी डॉलरला घेतला, व्होलिशन कॉख मीडियाने २.२३ कोटीला. मॉन्ट्रियलचा स्टुडिओ युबिसॉफ्टने २५ लाखांत उचलला आणि 'साउथ पार्क'चा अर्धवट गेम ३२ लाखांत. 'डार्कसायडर्स'साठी पहिल्या फेरीत कोणीच हात वर केला नाही, ते नंतर इतर नावांच्या गठ्ठ्यात ४९ लाखांना गेलं.

चालू, पगार घेणारा, गेम हातात असलेला स्टुडिओ चांगला विकला जातो. टीम नसलेलं नुसतं नाव मातीमोलाने जातं. आणि शेअरवाल्याला? रोखेधारकांचंच पूर्ण फिटलं नाही, शेअरवाले रांगेत त्यांच्याही मागे.

कोडकाम (पर्वरी)

पण टीएचक्यू आणि युबिसॉफ्टमध्ये एक मोठा फरक आहे, तो सांगायलाच हवा, नाहीतर धागा नुसता काळा रंगेल. युबिसॉफ्टची निम्म्याहून जास्त विक्री जुन्या मालाची आहे. २०१५ च्या 'रेनबो सिक्स सीज'वर अजून लोक रोज खर्च करतात. जुन्या गेमचा विकास खर्च केव्हाच झिजून गेलेला. त्यामुळे ३५ युरोला गेलेल्या प्रतीचे २०.४२ युरोही जवळजवळ सगळे नफा. होडीबाब, ही त्यांची रापण आहे, ती बंद झालेली नाही. एकही नवा गेम न आणता किती दिवस पगार निघतील याचं उत्तर त्या ओळीत आहे, म्हणून तिमाही पत्रकात 'बॅक कॅटलॉग' (जुन्या गेमची विक्री) ही ओळ दर वेळी टिपून ठेवा.

खर्चही खरोखर उतरतोय. २० हजारांच्या वर गेलेली माणसं १७ हजारांच्या आसपास आली. हॅलिफॅक्स आणि स्टॉकहोमचे स्टुडिओ बंद केले. आणखी २० कोटी युरोची काटछाट दोन वर्षांत करायची म्हणतात. मला भीती वेगळीच आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' जानेवारी २०२४ मध्ये आला, समीक्षकांनी वाखाणला, पण टीम मोडली. एकत्र काम केलेली माणसं पांगली की पुढच्या गेमला तेच शिकायला पुन्हा दोन वर्षं. हे नुकसान कुठल्याच पत्रकात दिसत नाही. ज्या लोकांनी चांगलं काम केलं त्यांनाच आधी हलवणं हे मला पटत नाही आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते चूक आहे.

डावखुरा_गेमर (म्हापसा)

घेतलेल्या गेमांचं काय? समजा सर्व्हर गेले तर?

कोडकाम (पर्वरी)

'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. तेव्हा आत्ताच तपासा. गेम लावून घ्या, युबिसॉफ्ट कनेक्ट या कंपनीच्या ॲपमध्ये एकदा ऑनलाइन राहून सुरू करा, मग सेटिंगमधून ऑफलाइन करा, इंटरनेटची तार काढा आणि पुन्हा सुरू करून बघा. चालला तर सेव्ह फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. नाही चालला तर तो गेम भाड्याचा आहे असं धरून चाला. खात्यात पैसे किंवा नाणी साठवून ठेवू नका. अशा प्रसंगी ग्राहक हा विनातारण धनको ठरतो, आणि पाच-दहा युरोसाठी परदेशातल्या कोर्टात कोणी जात नाही.

मांडवीकाठ

एवढं वाचूनही कोणाला शेअर घ्यायचाच असेल तर इथून कसा?

पाटोवरची (पणजी)

शेअर पॅरिसला आहे. आपल्याकडची बहुतेक ॲप्स फक्त अमेरिकेचा बाजार देतात. अमेरिकेत युबिसॉफ्टची ठेव पावती (परदेशी शेअरच्या आधारावर बँकेने काढलेला कागद) मुख्य बाजाराबाहेर विकली जाते, पण एक पावती म्हणजे एक शेअर नव्हे; प्रमाण बघितल्याशिवाय 'किती स्वस्त' म्हणू नका. गटावर फिरणाऱ्या एका चित्रात नेमकी ही चूक आहे. उलाढाल कमी, त्यामुळे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात अंतर मोठं. पॅरिसचाच शेअर हवा तर युरोनेक्स्ट (पॅरिसचा शेअर बाजार) देणाऱ्या परदेशी ब्रोकरकडे खातं लागतं.

पैसे एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पाठवणीच्या योजनेखाली जातात, आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा. बँकेत ए-२ अर्ज आणि पॅन. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. बँक रुपयाचे युरो करताना स्वतःचा भाव लावते, तो त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून बघा. छोट्या रकमेत तिथेच दीड-दोन टक्के जातात आणि पाठवणीचं शुल्क वेगळं.

विवरणपत्र आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतं. परिशिष्ट एफएमध्ये परदेशी शेअर दाखवायचे, आणि ते एप्रिल-मार्च नव्हे, जानेवारी-डिसेंबर या वर्षाने. एक शेअर असला, नफा नसला तरी. ही चूक फार होते. दंडाची तरतूद दहा लाखांची आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण दाखवायची जबाबदारी सुटलेली नाही. चोवीस महिन्यांनंतर विकला तर दीर्घ मुदतीचा नफा १२.५ टक्क्यांनी. लाभांश कंपनी देत नाही, तेव्हा तो प्रश्न नाही.

माझं मत विचाराल तर मी हा शेअर कोणाला सुचवणार नाही. रोखे नव्याने उभे राहिले अशी बातमी येईपर्यंत तर नाहीच. भाव तेव्हा वर असेल, असू दे.

मांडवीकाठ

ताई, शेवटचं एक. ते ६० कोटी अहवालात नेमके कुठे दिसतील?

पाटोवरची (पणजी)

ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला. बारा महिन्यांच्या आत द्यायचं असेल तर 'चालू देणी', नाहीतर 'दीर्घ मुदतीची'. ३० सप्टेंबर २०२६ च्या सहामाही ताळेबंदात ते अजून दीर्घ मुदतीत असतील, कारण चौदा महिने बाकी. मधल्या काळात फिटले किंवा बदलले नाहीत तर ३१ मार्च २०२७ च्या ताळेबंदात चालू देण्यांत उतरतील. त्या मे महिन्यात 'अल्पमुदतीचं कर्ज एकदम वाढलं' असा मथळा कुठेतरी येईल. कर्ज वाढलेलं नसेल, जुनंच एका रकान्यातून दुसऱ्यात आलेलं असेल. त्या दिवशी त्या ओळीशेजारी रोकडीची ओळ ठेवून बघा आणि इथे टाका, आपण पुढचा हिशेब करू.